एक बटण कमी

बटणं संपली आणि माणूस उरला. असं आजवर कधी झालं नव्हतं. उलटं खूपदा झालं होतं: माणसं संपायची आणि खिशात बटण उरायचं. म्हणजे कुणीतरी अजून स्वच्छतागृहात आहे, किंवा बंदराच्या फाटकाशी मांजर कुरवाळत बसलंय, किंवा बायकोशी बिनसलं म्हणून दुसऱ्याच बसमध्ये जाऊन बसलंय. त्यावर उपाय असतो. शोधायचं, हाका मारायच्या, गोड बोलून आणायचं. पण जास्तीच्या माणसाचं काय करतात, हे गाईडच्या धंद्यात तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती बसच्या मधल्या वाटेत उभी राहिली आणि कोटाच्या डाव्या खिशाची शिवण बोटांनी चाचपत राहिली. खिसा रिकामा होता. भोकही नव्हतं. ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे बघितलं, भुवया उडवल्या, आणि इंजिन चालू ठेवूनच स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागला.

बटणांची ही रीत तिची स्वतःची. मोठ्यानं मोजलं की माणसांना आपण मेंढरं झाल्यासारखं वाटतं, आणि मनात मोजावं तर नेमकं मध्येच कुणीतरी विचारतं, "इथलं पाणी प्यायचं का हो?", की आकडा गेलाच. म्हणून बोटीच्या कचेरीनं जितकी माणसं कळवली असतील तितकी बटणं ती सकाळी आईच्या पत्र्याच्या डब्यातून काढून डाव्या खिशात टाकायची. सगळे बसले की मधल्या वाटेतून मागे जाताना दर डोक्यामागे एक बटण उजव्या खिशात. कुणाला कळायचंही नाही. आईची सवय अशी की कपडा टाकून द्यायचा झाला तरी आधी त्याची बटणं काढून घ्यायची, त्यामुळे त्या डब्यात सगळं घर जमा झालं होतं: दादाच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं, आईच्या झग्याची शिंपल्याची बटणं, तिच्या पहिल्या स्वेटरची लाल लाकडी. कुठल्या कुठल्या गावाची माणसं तिच्या बोटांमधून अशी आपल्या घरची होऊन जायची. एखादा धिप्पाड, घामाघूम झालेला गृहस्थ तिच्या लाल लाकडी बटणाच्या वाट्याला यायचा आणि मग दिवसभर तिला उगाच त्याच्याबद्दल माया वाटायची.

ती मागून पुढे परत बघायला निघाली, आणि शेवटच्या बाकावर, खिडकीशी, तिला ते दिसले. निळा जाड कोट, टोपी गुडघ्यावर, दाढी स्वच्छ केलेली. छातीवर बाकी सगळ्यांसारखीच बोटीची गोल पिवळी चिकटपट्टी, फक्त उलटी लावलेली. तिचे वडील. सकाळी ती त्यांना खिडकीपाशी, हातात चहा देऊन, बसवून आली होती. शेजारच्या शिंपीणबाई दुपारी जेवण वाढणार होत्या. त्यांची बॅग कालपासून दाराशी भरून ठेवलेली होती, कारण संध्याकाळी दादा गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होता, कायमचं. आणि ते इथे बसले होते, हात मांडीवर, सहलीला आलेल्या माणसासारखे. तिच्याकडे त्यांनी वर बघितलं. नजर नेहमीसारखी शांत होती, पण ती ओळखीची होती की नुसती सभ्य, हे तिला ठरवता येईना.

"ही जागा कुणाची नाही ना, बाई?" त्यांनी विचारलं.

बाई. ते तिला कधी पोरी म्हणत, कधी माकडा म्हणत, रागावले की काहीच म्हणत नसत. बाई कधी नाही. "नाही," ती म्हणाली, "कुणाची नाही." मग तिनं खाली वाकून विचारलं, "इथे कसे आलात?" ते म्हणाले, "चालत. फाटकावरच्या पोरानं सोडलं, ही पट्टीही त्यानंच दिली. ओळखीचा आहे." तो पोरगा म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, स्वतः निवृत्तीला आलेला. बाहेर बोटीवरची मुलगी हात हलवून निघा निघा करत होती. मागे दुसरी बस लागली होती. तिनं शिंपीणबाईंना फोन करून एका दमात सांगितलं की बाबा माझ्याकडे आहेत, काळजी करू नका, आणि शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं, मी तर समजत होते अंघोळीला गेलेत." बस निघाली. ती पुढे जाऊन उभी राहिली, माइक हातात घेतला, आणि नेहमीचं सुरू केलं, कारण दुसरं काय करणार.

नेहमीच्या बोलण्यात एक वाक्य होतं, त्यावर सगळे हसायचे. "आमच्या बंदराचा नियम लक्षात ठेवा," ती म्हणायची, "माझ्याबरोबर असाल आणि उशीर झाला, तर बोट तुमच्यासाठी थांबते. एकटे भटकायला गेलात आणि उशीर झाला, तर बोट जाते आणि तुम्ही इथले होता. घर बघून ठेवा." नियम खरा होता. बोटीनं स्वतः नेमलेल्या गाईडची बस अडकली तर कप्तान वाट बघतो. आपापले गेलेल्यांची बघत नाही. आजही सगळे हसले. मागच्या बाकावरून एक हसू जरा उशिरानं आलं. ते तिनं ओळखलं. ते हसू घरात फार क्वचित, आणि नेहमी इतरांचं संपल्यावर यायचं.

कारण हा नियम तिला त्यांनीच दाखवला होता, त्यांना आठवत असो वा नसो. ते बंदरावर दोर बांधायचे. बोट धक्क्याला लागली की वरून फेकलेला दोर ओढून घ्यायचा, खुंटाला अडकवायचा. बोट सुटताना तोच दोर काढून पाण्यात सोडायचा. आयुष्यभर एवढंच. हातांना ओल्या दोराचा आणि ग्रिजचा वास, जो साबणानं जायचा नाही आणि जो तिला लहानपणी वडिलांचा स्वतःचाच वास वाटायचा. बोटीचा दिवस म्हणजे बाबा नाहीत, एवढं गणित तिला शाळेच्या आधीपासून येत होतं. एकदा आई तिला धक्क्याच्या भिंतीपाशी घेऊन गेली होती. मोठी बोट होती, वर कठड्याला माणसं ओळीनं उभी होती, भोंगा वाजून गेला होता, आणि बाबा खुंटाशी दोरावर हात ठेवून नुसते उभे होते. दोर सोडत नव्हते. ती विचारत राहिली, का सोडत नाहीत, का सोडत नाहीत. शेवटी एक बस धुरळा उडवत आली, त्यातून माणसं उतरून पळाली, आणि सगळ्यांत शेवटी एक बाई उतरली, सावकाश, हातात छोटा झेंडा घेऊन, जणू काही झालंच नाही. घरी बाबा म्हणाले, "गाईडची माणसं राहिली होती. त्यांना सोडून जाता येत नाही." तिला त्या बाईचा फार हेवा वाटला होता. एवढी मोठी बोट जिच्यासाठी थांबते, बाबांचा हात जिच्यासाठी थांबतो, ती बाई आपण व्हावं असं तिनं त्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दादाला वाटायचं तिला भाषा आवडतात म्हणून ती गाईड झाली.

आणि झाली, तर बोटीच्या दिवशी ती घरी नसायला लागली. बाबा निवृत्त झाले आणि खिडकीत बसायला लागले. आई गेल्यावर घरात तेच दोघे उरले. धक्का खिडकीतून दिसायचा, बोट आली की ते सांगायचे, आली बघ तुझी. तेव्हा ती बूट घालत असायची. लहानपणी ती त्यांची वाट बघायची तेच आता उलटं झालं होतं, फक्त ते तक्रार करत नव्हते. मग या वर्षी त्यांनी चहाचं भांडं गॅसवर ठेवून जाळलं. मग एकदा पायात घरातल्या सपाता घालून बंदराच्या फाटकापर्यंत गेले आणि परतीचा रस्ता विचारला, ज्या रस्त्यानं ते जन्मभर चालले होते. दादाचा फोन आला तेव्हा ती किल्ल्यापाशी होती, माणसं फोटो काढत होती. दादा म्हणाला, "आता बास झालं. माझ्याकडे खोली तयार आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय, दिवसा माणूस असेल. तू तरी कुठवर पुरणार?" दादा वाईट नाही. दादानं तो दांडा स्वतः भिंतीला भोकं पाडून बसवला होता, तिला माहीत होतं. कुणीतरी फोटो काढून द्या म्हणून मध्येच कॅमेरा पुढे केला आणि ती फोनमध्ये म्हणाली, "बरं, ने." एवढंच. बाबांना विचारलं तेव्हा तेही म्हणाले, "बरं." दादाच्या गावाला समुद्र नाही.

बस चौकात आली. बंद पडलेल्या घड्याळाखाली तिनं सगळ्यांना गोल उभं केलं. बोटीवरून उतरणाऱ्या माणसांना काय हवं असतं याबद्दल बोटीच्या कंपनीचं मत वेगळं आणि तिचं वेगळं. कंपनीला वाटतं त्यांना किल्ला हवा, संग्रहालय हवं. तिनं बघितलं होतं की किल्ल्यावर ते घड्याळाकडे बघतात. त्यांना हवा असतो मोकळा तास. त्या तासात कुणी न्हाव्याकडे जातं, कारण हलत्या बोटीवर कुणाच्या हातात वस्तरा द्यायची हिंमत होत नाही. कुणी वाण्याच्या दुकानात शिरतं आणि साबण नि डाळींची पुडकी उचलून उचलून बघतं, घेत काहीच नाही. एक म्हातारी दर वर्षी येते आणि तो अख्खा तास एका झाडाला टेकून, चपला काढून, जमिनीवर पाय ठेवून बसते. नवी लग्नं झालेली भांडतात, जुनी लग्नं झालेली वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात आणि परतताना एकमेकांसाठी तोच खाऊ घेऊन येतात. फार लांबून, फार पैसे भरून आलेली ही माणसं तासभर कुठल्या तरी गावात राहिल्यासारखं करतात. तिला ती त्याच वेळी सगळ्यांत जास्त आवडायची.

"या घड्याळाचे काटे," तिनं सुरू केलं, "एका कप्तानानं थांबवले. त्याची बायको त्याला म्हणाली होती, घड्याळात पाच वाजले की तू जातोस. तर तो रात्री शिडी लावून वर चढला." गोष्ट सपशेल थापेची होती, तिनंच रचलेली. घड्याळ कबुतरांमुळे बंद पडलं होतं आणि नगरपालिकेला दुरुस्त करायचं नव्हतं. बाबांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"बाई, मग तो गेला का?"

"कोण?"

"कप्तान."

सगळे तिच्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं गोष्ट त्याच्या पुढे कधी नेलीच नव्हती. "गेला असणार," ती म्हणाली, "बोट थोडीच घड्याळ बघून सुटते." बाबांनी मान डोलावली. त्यांच्या शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "तुम्ही एकटेच प्रवास करता?" ते म्हणाले, "हो. आजचाच दिवस आहे इथे. संध्याकाळी सुटणार." ते अगदी सहज म्हणाले, आणि तिला समजेना की हा माणूस खरंच बोटीवरून आलोय असं समजतोय, की आपल्याशी काहीतरी बोलतोय जे घरात, दाराशी भरलेल्या बॅगेसमोर, त्याला बोलता आलं नाही. पहिलं खरं असेल तर दादा बरोबर होता. दुसरं खरं असेल तर पुढचा विचार तिला करवेना.

मोकळा तास लागला तशी माणसं पांगली. ते बाकावर बसून राहिले. ती दोन कागदी पेल्यांत कॉफी घेऊन आली आणि जरा अंतर ठेवून बसली, गाईड बसते तशी. त्यांच्या कोटाचं वरून दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. महिनाभर ती म्हणत होती, आज शिवते, उद्या शिवते. आता बटण शिवायची पाळीही दादाच्या घरची, असं मनात आलं आणि तिला त्या बटणाकडे बघवेना.

"तुम्हाला नाही का कुठे जायचं?" तिनं विचारलं. "न्हावी आहे कोपऱ्यावर."

"दाढी करून आलोय." त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी सगळ्या बोटी बांधल्या. माणसं उतरायची, बसमध्ये बसायची, बस त्या कोपऱ्यावरून वळली की दिसेनाशी. पुढे काय करतात ते कधी बघितलं नाही. म्हटलं, जायच्या आधी बघून घ्यावं. माझी मुलगी त्यांना काय दाखवते ते."

तिनं कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरला. "मग? कसं वाटलं?"

"थापा छान मारतेस," ते म्हणाले. "आईवर गेलीस."

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. ती दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करत राहिली. जीव भांड्यात पडला होता. ते तिच्याशीच बोलत होते, सकाळपासून. बाई म्हणणं, हात वर करणं, ती त्यांची गंमत होती. उभ्या जन्मात त्यांना गंमत करायला वेळच कुठे झाला होता. थोडा वेळ दोघंही माणसं बघत बसली. ते न्हाव्याकडून मान चोळत बाहेर आलेल्या एकाला बघून म्हणाले, "फार बारीक कापले." मग त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि विचारलं, "ती कुठे राहिली? बसमध्ये नव्हती?"

"कोण, बाबा?"

"तुझी आई. तिला पण आवडलं असतं."

चौकात एक पोर चेंडू आपटत होतं, त्याचा आवाज तिला बराच वेळ ऐकू येत राहिला. म्हणजे दोन्ही खरं होतं. दादाही बरोबर होता आणि हेही खरं होतं, एकाच बाकावर, एकाच कोटात. असं असू शकतं याचा तिनं विचारच केला नव्हता. तिनं अंतर सोडलं, सरकून त्यांना चिकटून बसली आणि म्हणाली, "ती नाही आली आज." त्यांनी ते मान्य केलं. "बरं," ते म्हणाले. हे तेच बरं होतं, दादाच्या वेळचं. तिला तेव्हा वाटलं होतं की ते तयार आहेत. आज शेजारी बसून ऐकलं तर तो नुसता आवाज होता, दोर सोड म्हटल्यावर सोडणाऱ्या माणसाचा.

परतताना ती ड्रायव्हरच्या बाजूला उभी होती. ड्रायव्हर आरशात मागे बघत म्हणाला, "ताई, हे तुमच्या घरचे ना? मी ओळखलं. तुमच्यासारखंच नाक." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मागचा बाक तसाही रिकामाच असतो. खाली चाक आहे ना, गचके बसतात, कुणी बसत नाही. ते बसले दिवसभर, हूं की चूं केलं नाही." आणखी एक वळण घेऊन तो पुढे म्हणाला, "बोटी काय रोज येत नाहीत." तो असा बोलत होता जणू हवापाण्याबद्दल बोलतोय. तिनं फक्त त्याच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

धक्क्यावर बस लागली. ती खाली दाराशी उभी राहिली. माणसं उतरत गेली, तिच्याशी हात मिळवत, आभार मानत, कुणी गालाला गाल लावत. आणि बटणं उजव्या खिशातून डाव्या खिशात येत गेली. शिंपल्याची, शाळेची, लाल लाकडी. झाडाला टेकून बसणारी म्हातारी शेवटी उतरली, चपला अजून हातातच. सगळी शिडी चढून वर गेली. वर गेल्यावर माणसं एकदम बोटीची होऊन जातात, तिची राहत नाहीत. दर वेळी तिला इथे थोडं ओकंबोकं वाटायचं आणि मग ती घरी जाऊन पाय पाण्यात सोडून बसायची. आज ती बसमध्ये परत चढली. ते मागे तसेच बसले होते, टोपी गुडघ्यावर, खिडकीतून खुंटाकडे बघत. तिथे दोन तरुण माणसं दोराशी उभी होती.

"घाई करतायत," ते म्हणाले. "अजून ढील द्यायला हवी."

ती त्यांच्या शेजारी बसली. चाकावरचा बाक खरंच उंच होता, गुडघे वर यायचे. फोन वाजला. दादा होता. "अगं, मी दाराशी उभा आहे. बॅग इथे, बाबा कुठेत? शिंपीणबाई सांगतात तुझ्याबरोबर आहेत. अंधाराच्या आत निघायचंय मला."

तिनं बाबांकडे बघितलं. ते फोनकडे बघत नव्हते, पण ऐकत होते. त्यांचा हात पुढच्या सीटच्या दांड्यावर होता, आणि तो ज्या तऱ्हेनं तिथे ठेवलेला होता, न आवळता, न सोडता, ती तऱ्हा तिनं लहानपणी धक्क्याच्या भिंतीपाशी उभं राहून बघितली होती. तिनं दुसऱ्या हातानं त्यांच्या कोटाचं लोंबतं बटण धरलं. दोरा नुसत्या स्पर्शानं तुटला. ते काळं, जाड, बंदराच्या कोटाचं बटण तिनं डाव्या खिशात, बाकीच्यांत टाकलं.

"दादा," ती म्हणाली, "तू आत जा. दार उघडं आहे, गॅसवर काही ठेवलेलं नाही, चहा करून घे. रात्री इथेच राहा. सकाळी तिघं बसून बोलू. मी मागे बरं म्हटलं होतं, ते माझं चुकलं."

"म्हणजे? ते येतायत की नाही?"

बाहेर भोंगा वाजला. तो संपेपर्यंत ती थांबली.

"ते माझ्याबरोबर आहेत," ती म्हणाली. "तुला थांबावं लागेल."